जिन्याजवळच्या खोलीतली दोघं

ता. ४ मार्च

ती. वहिनीस,
बारकीचा सा. न. वि. वि.

बंदरावरून टाकलेलं तुझं पत्र काल मिळालं. हे उत्तर तुझ्या सहलीतल्या डोंगराखालच्या मुक्कामाच्या पत्त्यावर पाठवते आहे, म्हणजे तू पोचशील तेव्हा ते आधीच येऊन बसलेलं असेल. आमचे हे, म्हणजे तुझे भट्टीवाले, मला हसतात. जग फोनवर बोलतं आणि ही नणंद-भावजय अजून पाकिटं चिकटवतात, म्हणतात. मी म्हटलं, ज्या घरातल्या माणसाचे कान छापखान्याच्या यंत्रांनी खाल्ले, त्या घराला पत्रांचीच सवय लागणार. दादाला फोनवर सांगितलेलं सगळ्या गल्लीला कळायचं, फक्त दादाला कळायचं नाही.

इकडे सगळं ठीक. कुंड्यांना पाणी घालते. तुझ्या दुकानाचं मात्र विचारू नकोस. रफू झालेले कपडे ज्याचे त्याला द्यायचे एवढंच काम सांगून गेलीस, आणि मी मास्तरांची पँट दातांच्या डॉक्टरांना दिली. डॉक्टर ती घालून दवाखान्यात गेलेसुद्धा. घोट्याच्या वर वीतभर होती म्हणे. मास्तर रोज संध्याकाळी दारात येऊन उभे राहतात. पाव भाजणाऱ्या बाईने सुईदोऱ्याच्या भानगडीत पडू नये हेच खरं.

आता मुख्य. रागावलीस तरी चालेल. तुझ्या पत्राच्या शेवटी नेहमीसारखंच लिहिलं आहेस, 'हेही आशीर्वाद सांगतात'. मी वाचून पत्र भट्टीवाल्यांकडे दिलं, त्यांनी वाचून परत माझ्याकडे दिलं. वहिनी, दादाला जाऊन चार महिने झाले. तू रडली नाहीस. बरं, रडणं काही सक्तीचं नाही. पण 'ते गेले' एवढे दोन शब्दसुद्धा मी तुझ्या तोंडून ऐकलेले नाहीत. त्याच्याबरोबर यंत्रावर काम केलेले ते म्हातारे गृहस्थ परगावाहून भेटायला आले, त्यांना काही माहीत नव्हतं. तू त्यांना ते बाहेर गेलेत म्हणून सांगितलंस, चहा केलास आणि वाट बघत बसवून ठेवलंस. शेवटी मी त्यांना जिन्यात गाठून खरं सांगितलं. ते कठड्याला धरून उभे राहिले होते.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी दोन वेण्या घालून शाळेत जात होते. माझ्या वेण्या तूच घातल्यास, म्हणून लहान तोंडी मोठा घास घेते आहे. एकदा तरी म्हण. भिंतीला म्हण, नाहीतर त्या डोंगराला म्हण. दादा तर गेलाच, पण अशी आतल्या आत गोठून राहिलीस तर तूही हातची जाशील, अशी मला भीती वाटते. खरंच वाटते.

वर थंडी असेल, कान बांध. माझ्यावर लोभ आहे तो या पत्रामुळे कमी करू नकोस.

तुझी
बारकी


ता. ८ मार्च

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र माझ्याआधी पोचलं होतं. इथल्या मालकीणबाईंनी किल्लीबरोबरच हातात ठेवलं. रागावले नाही. मास्तरांची दुसरी पँट कपाटात डावीकडे आहे, ती त्यांना दे. तिची शिवण अर्धी राहिली आहे, पण निदान बिचारे दारात यायचे थांबतील.

मला जिन्याजवळची खोली मिळाली आहे. दोन खाटा, दोन टॉवेल, दोन पेले. सहलीचं आरक्षण यांनी दोघांचं केलं होतं आणि मी ते बदललं नाही. कळवायचं राहून गेलं असं मी सगळ्यांना सांगितलं, पण तसं नाही. कंपनीला लिहायला दोनदा बसले. पहिलं वाक्य काय लिहायचं तेच सुचलं नाही, म्हणून उठले. त्यामुळे सगळीकडे मला दोन दोन वस्तू मिळतात. मी घेते. नको म्हटलं की का ते सांगावं लागतं.

डोंगर खिडकीतून दिसतो. शेंड्यावर सारखा थोडा धूर असतो, चूल विझवल्यानंतर येतो तसा. तुला तो माहीत आहे. छापखान्यातून दरवर्षी निघायच्या त्या कॅलेंडरवर हाच ज्वालामुखी असायचा, पहाटेचा, मागे लाल आभाळ. त्या लालवरून तुझा दादा मालकांशी किती वर्षं भांडला. हा लाल खोटा आहे, जगात असा लाल नसतो, शाई कमी करा, असं यांचं म्हणणं. मालक म्हणायचे की लोकांना असाच आवडतो. निवृत्त झाल्यावर यांनी दुसरं काहीच मागितलं नाही. एकदा जाऊन तो लाल डोळ्यांनी बघायचा, एवढंच. लोक देव बघायला जातात, आमचे हे शाई तपासायला निघाले होते.

आज जेवणाच्या खोलीत वाटाड्याने सगळ्यांना बसवून नियम सांगितले. पन्नाशीचा माणूस, सावकाश बोलतो, समोरच्याला कळलं का ते बघतो. अंधारात निघायचं आणि सूर्य उगवायच्या आत वर पोचायचं. सूर्य वर आला की वारा फिरतो आणि गंधकाचा धूर वाटेवर उतरतो, तोपर्यंत सगळी माणसं खाली हवीत. तोंडाला बांधायला मुखवटे देणार आहेत. सगळ्यांची तोंडं झाकलेली आणि कपाळावर दिवे, अशात मुंडकी मोजता येत नाहीत, म्हणून त्याची एक पद्धत आहे. तो खोलीचं नाव पुकारतो आणि त्या खोलीतल्या माणसाने आपण कितीजण आहोत ते ओरडून सांगायचं.

तू शेवटच्या ओळीबद्दल लिहिलंस. ती मी मुद्दाम लिहीत नाही गं. इतकी वर्षं यांच्या वतीने मीच बोलत आले. बँकेत, दुकानात, कुठेही यांना कुणी काही विचारलं की हे माझ्याकडे बघायचे आणि मी उत्तर द्यायची. एकदा डॉक्टरांनी यांना जीभ दाखवा म्हटलं, तर मीच दाखवली. हाताला ते वळण पडलं आहे. आत काही चाललेलं नसतं. मला दुःख होतं का, असं तू विचारशील तर खरं सांगते, काहीच होत नाही. दाताला भूल देतात ना, तसं आहे. गाल आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही.

भट्टीवाल्यांना नमस्कार. दोघांनी तब्येती सांभाळा आणि या वहिनीची आठवण ठेवा. हेही आशीर्वाद सांगतात.

बघ, लिहून झालं. खोडलं तर कागद घाण दिसेल, राहू दे.

तुझी
वहिनी


ता. १० मार्च

चि. सौ. बारकीस,
अ. उ. आ.

जाऊन आले. पाय दुखतात, बाकी बरी आहे. जे झालं ते क्रमाने लिहिते, कारण मालकीणबाईंना सांगायला गेले तेव्हा सगळा गुंता केला.

निघताना गाडीपाशी सामान वाटलं. प्रत्येक खोलीचं बोचकं वेगळं होतं. आमच्या बोचक्यात दोन दिवे, दोन मुखवटे, दोन काठ्या. मी एकेक वापरलं, दुसरी काठी काखेत धरली आणि उरलेलं पिशवीत टाकलं. वाट भुसभुशीत राखेची, पाऊल टाकलं की अर्धं मागे घसरतं. पुढे दिव्यांची रांग, मागे दिव्यांची रांग. वाटाड्या मध्येच थांबून पुकारायचा. जिन्याजवळची खोली, म्हणाला. मी ओरडले, दोघं आहोत. मला त्यात काही चुकलं असं वाटलंच नाही. कंपनीच्या कागदावर दोघं होती, माझ्या तोंडी दोघं होती. त्याचा हिशेब जुळला आणि आम्ही पुढे निघालो. असं किती वेळा झालं ते आठवत नाही.

वर विवराच्या कडेला दोर बांधलेला आहे, तिथे सगळे बसले. गंधकाच्या वासाने डोळे चुरचुरत होते. मग सूर्य उगवला. माझ्या शेजारची मुलगी रडायला लागली, तिच्या नवऱ्याने तिला जवळ घेतलं. मी रंग बघत होते. तुझा दादा बरोबर होता. कॅलेंडरमध्ये शाई जास्तच होती. खरा लाल फिका असतो आणि फार थोडा वेळ टिकतो, लगेच त्याचा पिवळा होतो. मी मनात नोंद करून ठेवली की यांना सांगायचं. आनंद नाही, वाईट नाही, फक्त सांगायचं काम आहे अशी नोंद. उतरायच्या आधी वाटाड्याने पुन्हा पुकारलं आणि मी पुन्हा दोघं म्हणाले.

खाली पोचलो तेव्हा लख्ख उजाडलं होतं. मुखवटे निघाले, चेहरे दिसले आणि त्याने पहिल्यांदा माणसं मोजली. एक कमी. पुन्हा मोजली. मग खोलीखोलीने विचारत माझ्यापाशी आला. तुमचे यजमान कुठे आहेत, असं विचारलं. मी काखेतल्या दुसऱ्या काठीकडे बघत राहिले. त्याला वाटलं मी घाबरले आहे. माझ्या खांद्यावर थोपटून तो म्हणाला की मी घेऊन येतो, तुम्ही बसा. मुखवटा बांधला, धुरात दिसावं म्हणून कपाळावरचा दिवा लावला आणि उलटा वर निघाला, जवळजवळ धावत. वर धूर वाटेवर उतरायला लागलेला दिसत होता.

शेजारच्या मुलीने मला विचारलं की त्यांनी अंगात काय घातलं आहे. मी सांगितलं, राखाडी स्वेटर, उजव्या कोपराला रफू केलेला. मीच केलेलं रफू आहे, दिसायचं नाही, असंही सांगितलं. बारके, माझ्या आवाजात काडीचाही फरक नव्हता. तो स्वेटर कोणत्या दिवशी यांच्या अंगात होता ते तुला माहीत आहे. दुपारी मी मशीनवर बसून यांच्याशी बोलत होते आणि हे खुर्चीत बसलेले. उत्तर देईनात तेव्हा कानातल्या यंत्राचा सेल संपला असं वाटून मी उठले, नवा सेल घातला, यंत्र परत कानाला लावलं आणि अर्धवट राहिलेलं बोलणं पुरं केलं. मग हात हातात घेतला तेव्हा कळलं. हे मी तुलाही सांगितलं नव्हतं.

वाटाड्याचा दिवा धुरात शिरायला लागला. मला दिसलं की माझ्या नसलेल्या नवऱ्यापायी एक असलेला माणूस तिकडे चालला आहे. मी ड्रायव्हरकडे गेले. त्याच्याकडे वाटाड्याशी बोलायचं बिनतारी यंत्र होतं. मी म्हणाले की त्यांना परत बोलवा, वर कुणी नाही. तो म्हणाला की आमच्या माणसाला कारण कळल्याशिवाय तो परत फिरणार नाही, तुम्हीच बोला, आणि यंत्र माझ्या तोंडापुढे धरलं. मी बोलले. वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, मोठ्याने बोला. आता मोठ्याने बोलणं मला कुणी शिकवायला नको. जन्मभर ज्याच्यासाठी ओरडले त्याच्याबद्दलच ओरडून सांगितलं, "ते वारले. चार महिने झाले. मी एकटीच आहे."

सगळ्यांनी ऐकलं. दिवा थांबला आणि परत खाली यायला लागला. पोचल्यावर वाटाड्या बराच वेळ खोकत होता. मी त्याची माफी मागितली. तो रागावला नाही. त्याने गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती तिथे स्वतः बसून घेतलं.

तू म्हणालीस डोंगराला म्हण, तर म्हटलं. हलकं वाटेल असं तुला वाटलं असेल. तसं काही वाटत नाही. अजून बधिरच आहे. फक्त आता खोलीत एकच टॉवेल ठेवला आहे.

भट्टीवाल्यांना नमस्कार. माया आहे तशीच आहे, ती जाणून राहा. माझे तुला आशीर्वाद. एवढेच.

तुझी
वहिनी


ता. १५ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तू उद्या परवा येशील, म्हणून तुझ्या मशीनवर ठेवून जाते. कुंड्या ठीक आहेत. मास्तर आणि डॉक्टर यांचा तह झाला आहे. पँट परत आली, गुडघ्याला नवीन भोक घेऊन. ते तू बघ.

तुझं पत्र दुपारी आलं तेव्हा भट्टीत पावांचा दुसरा घाणा चालू होता. मी पिठाच्या पोत्यावर बसून वाचलं. सेलचं वाचलं. ओरडून सांगितल्याचं वाचलं. मला वाटलं की चला, बरं झालं, सुटली वहिनी. तोपर्यंत मी ठीक होते. मग शेवट वाचला. 'माझे तुला आशीर्वाद. एवढेच.' मी पान उलटून मागे बघितलं. पाकीटसुद्धा झटकून बघितलं.

वहिनी, शेवटची ती ओळ लिहू नकोस म्हणून मीच तुझ्या मागे लागले होते. पण लग्न होऊन या घरी आले तेव्हापासून दादाचे शब्द मला फक्त त्या ओळीत मिळत होते. स्वतः त्याने कधी अक्षर लिहिलं नाही. चार महिने तू त्याला तिथे बसवून ठेवलं होतंस आणि मला ते कळलं नाही. मी पोत्यावर बसून इतकी रडले की भट्टीवाले पिठाच्या हातांनी धावत आले. त्या नादात दुसरा घाणा सगळा करपला. मी दादासाठी या आधी रडलेच नव्हते, हे मला तेव्हा कळलं. तुझी काळजी करण्यातच वेळ गेला होता.

तू रडली नाहीस तर नाही. तुझ्या वाटणीचं मी रडते. आपल्या घरात एकाचं दुसऱ्याने करायची पद्धतच आहे.

डब्यात पाव ठेवला आहे, तो करपलेल्यातला नाही. आलीस की दार वाजव, किती का उशीर होईना. माझ्यावरची तुझी सावली अशीच असू दे. आणि इथून पुढे आशीर्वाद एकटीचेच लिही, पण जरा मोठ्या अक्षरात लिही.

तुझी
बारकी