ठकीचा फोटो

प्रिय ताई,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. येत्या रविवारी तू माझ्या सत्काराला येणार, पहिल्या रांगेत बसणार आणि मी भाषण लांबवलं तर तिथूनच डोळे वटारणार, हे वाचून आधी हसू आलं, मग पत्र घडी घालून खणात ठेवलं. सव्वीस वर्षांनी तू या गावात पाऊल टाकणार, तेही माझं कौतुक बघायला! ताई, बसचं तिकीट काढायच्या आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. मग यायचं की नाही ते ठरव. फोनवर सांगावं म्हणून दोनदा नंबर लावला होता, आठवतंय? दोन्ही वेळा तुझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि ठेवून दिला. तुला वाटलं असेल, भाऊ किती काळजी करतो.

इथलं सगळं ठीक आहे. वर्तमानपत्र अजून आठ पानांचंच आहे, मशीन अजून माझ्यासारखंच खोकत खोकत सुरू होतं. मी सकाळी नऊला ऑफिसात जाऊन बसतो आणि दहापर्यंत दारात माणसं उभी राहतात. कुणाला रक्त हवं असतं, कुणाच्या गल्लीत पाणी आलेलं नसतं, कुणाच्या म्हातारीचं पेन्शन अडलेलं असतं. छापून आलं की साहेब लोक हलतात, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. तुझी वहिनी म्हणते, गावातले सगळे नळ तुम्ही दुरुस्त करून घेतलेत, आपल्या मोरीतला तेवढा कधी छापताय? सत्कार समितीचे अध्यक्ष, ते निवृत्त मुख्याध्यापक, माझ्या कामाची यादीच घेऊन फिरतात. ती ते भेटेल त्याला वाचून दाखवतात आणि मी खिडकीबाहेर बघत बसतो.

त्या यादीत पहिलं आहे आपलं 'हात द्या' हे सदर. दर आठवड्याला एक अडचणीतलं घर, एक फोटो, खाली पत्ता. त्यावर किती ऑपरेशनं झाली, किती पोरं शिकली, याचा मलाच आता पत्ता नाही. समितीनं सभागृहात जुन्या अंकांचं प्रदर्शन मांडायचं ठरवलंय आणि व्यासपीठामागे एक फोटो माणसाच्या उंचीएवढा मोठा करून लावायचाय. कुठला, ते तुला सांगायला नकोच. तुझ्या ठकीचा. नऊ वर्षांची, फाटक्या फ्रॉकमधली, डोळ्यांत पाणी आलेली. ज्या फोटोनं गाव हललं, असं मुख्याध्यापक खाली लिहिणार आहेत.

गाव हललं हे खरंच आहे. भावजी हॉस्पिटलात पडून होते, ऑपरेशनला पैसे नव्हते आणि तू कुणापुढे तोंड उघडायला तयार नव्हतीस. तुला न विचारताच मी ठकीचा फोटो सदरात छापला. घरचंच माणूस, त्यात काय विचारायचं, असं म्हटलं मनाशी. चार दिवसांत ऑपरेशनची सोय झाली. भावजी पुढे अकरा वर्षं जगले आणि अगदी छान जगले, म्हणून त्या छापण्याबद्दल तू मला कधी वाईट बोलली नाहीस. पण त्या चार दिवसांत तुझ्या दारात काय काय आलं, ते मी विसरलेलो नाही. तू शिवणकाम करणारी बाई. अर्ध्या गावाच्या पोरींचे फ्रॉक तुझ्या मशीनवर शिवलेले. आणि तुझ्याच गिऱ्हाइकांनी तुझ्या दारात जुन्या कपड्यांची गाठोडी आणून ठेवली, का, तर शिंपीणबाईंच्या लेकीला अंगावर घालायला नाही! गाठोडी सोडलीस, उसवलेलं शिवलंस, इस्त्री केलीस आणि घरोघरी जाऊन ज्याचं त्याला परत देऊन आलीस. त्यानंतर कुणी तुझ्याकडे नवं कापड टाकलं नाही. ज्या बाईनं स्वतःच्या पोरीला तसं ठेवलं, तिच्याकडे कोण देणार? वर्षभरात तू गाव सोडलंस.

जाण्याआधी तू लंबूला, आपल्या फोटोवाल्याला, त्याच्या दुकानासमोर भर रस्त्यात जे बोललीस तेही मला आठवतंय. माझं पोर घरात एकटं बघून त्याची दशा केलीस, असं तू म्हणालीस. तो मान खाली घालून उभा होता. मी तुझ्या शेजारी उभा होतो, ताई. मूग गिळून.

आता सांगतोच. त्या दिवशी तू डबा घेऊन हॉस्पिटलात गेली होतीस. मी आणि लंबू आलो, तर फोटो काढणार म्हणून ठकीनं आपणहून केस विंचरलेले, तू शिवलेला पिवळा फ्रॉक घातलेला, पुढचा एक दात पडलेला आणि तरी तोंडभर हसू. लंबूनं एक फोटो काढला, एक नंबर म्हणाला. मी म्हणालो, हा चालायचा नाही. हे बघून कोण खिशात हात घालेल? बादलीवर तो जुना फ्रॉक पडला होता, बाह्या उसवलेला, तू फरशी पुसायला काढलेला. तो मी पिळला आणि तिला घालायला लावला. ओला होता. लंबू मला म्हणाला की राहू दे, ती तुझ्या बहिणीची अब्रू आहे. मी त्याला सांगितलं, पेपर माझा आहे, तू बटण दाब. ती तरीही हसतच होती, नवीन खेळ वाटला असेल. मग मी तिला सांगितलं की हसू नकोस, तुझे बाबा मरतील. त्यावर ती रडली.

हे मी केलं, लंबूनं नाही. आणि इथंच थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. त्या फोटोनं मला कळलं की कशानं काम होतं. पुढची कित्येक वर्षं मी लोकांना चांगले कपडे बदलायला लावले, पोरांची तोंडं पुसू दिली नाहीत. ज्यांना वाचवलं त्यांना आधी मी माना खाली घालायला लावल्या आणि त्यालाच सेवा म्हणत आलो. तुझ्या त्या बोलण्यानंतर लंबूचं शाळांच्या फोटोंचं काम गेलं, बायका त्याच्या दुकानात पोरी पाठवेनात. त्यानं तोंड उघडलं असतं तर माझं सदर तिथंच बंद पडलं असतं. तो गप्प राहिला आणि मी त्याला गप्प राहू दिलं. गेल्या महिन्यात समितीच्या बोलावण्यावरून ठकी ऑफिसात आली होती. तो फोटो बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, मामा, मला अजून कॅमेऱ्यासमोर हसता येत नाही. तुला तिनं आजवर काही सांगितलेलं नाही. आईचा एकुलता एक भाऊ आहे म्हणून, असं म्हणाली. लाजेनं मेलो मी, ताई. पस्तिशीची पोर मला सांभाळून घेत होती.

आणि तरीही मी हे पत्र लिहिलं नसतं, इतका मी निर्लज्ज आहे. पण तुझ्या पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की तो फोटोवाला सभागृहात असला तर मी यायची नाही. पाहुण्यांच्या यादीत त्याचं नाव होतं. मी पेन उचललं आणि ते खोडलं. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं तर म्हणालो, तब्येत बरी नसते त्याची. सव्वीस वर्षांनी पुन्हा तेच! आज सकाळी त्याच्या दुकानात गेलो आणि सगळं सांगितलं. त्यानं चिडायला हवं होतं. त्यानं एवढंच विचारलं, ताईंना सांगितलंस का? रविवारी भरल्या सभागृहात मी हे सगळं बोलणार आहे आणि मग ते सत्कार करोत नाही तर हाकलून देवोत. पण गावाच्या आधी तुला कळायला हवं होतं. आलीस तर माझ्याकडे बघू नकोस. लंबूला मी पहिल्या रांगेत बसवणार आहे, त्याच्या शेजारची खुर्ची तुझी आहे.

तुझाच,
ज्याला तू एकुलता एक म्हणून पाठीशी घालत आलीस, तो