पिकअप सकाळीच रुसते

सोमवार, २ जून
सकाळी पिकअप सुरू झाली नाही. चावी फिरवली की नुसतं 'टक्'. घाबरण्यासारखं काही नाही. ऑकलंडला टायरच्या दुकानात सहा महिने काढलेत, गाडी म्हणजे काय ते मला कळतं.
मात्र वेळेत कळायला हवं. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी चर्चचे अध्यक्ष बोटीने येताहेत. काल बैठकीत कावाचं पेय पिताना सगळ्यांसमोर सांगून बसलोय की धक्क्यावरून त्यांना माझ्याच पिकअपमधून आणणार. शेजारचा लोपेती म्हणाला, लागलीच तर माझी गाडी आहे. विचारलं होतं का कुणी?
सिसिलियाताईची मुलगी सेला येऊन आमची हातगाडी घेऊन गेली. गेल्या महिन्यात ताईने डुकरीण नेली होती. आमच्याकडे भावाच्या वस्तूंवर बहिणीचा हक्कच असतो. कशाला हवी, हे भावाने विचारायचं नसतं. मी विचारलं नाही.

मंगळवार, ३ जून
परत 'टक्'. निदान झालं: बॅटरीच्या क्लॅम्पचे नट ढिले. व्हायब्रेशन. कालोलाइनचं म्हणणं, गाडी रविवारपासून जागची हललेली नाही, मग व्हायब्रेशन कुठून आलं? बायकोशी मेकॅनिकल विषयावर बोलायचं नाही, असं ठरवलं.
टर्मिनल गरम पाण्याने आणि टूथब्रशने साफ केली. टूथब्रश कालोलाइनचा निघाला. लोपेतीच्या पोरांनी धक्का मारून गाडी सुरू करून दिली. टारोच्या कंदांच्या शेतावर गेलो, आलो. एकदम झकास. प्रश्न मिटला.
संध्याकाळी चर्चच्या कॉयरची तालीम. ताई शिकवते, मी बेसमध्ये, म्हणजे खर्जात, मागच्या रांगेत. हॉलची विजेची वायर वादळात तुटली ती अजून तुटलेलीच आहे, तरी कीबोर्ड आणि स्पीकर दणक्यात चालू. करंट कुठून आणते कोण जाणे. पण ताईच ती, काहीतरी जमवलं असणार.

गुरुवार, ५ जून
प्रश्न मिटला नव्हता. नट पुन्हा ढिले. घट्ट केले. आता संशय स्टार्टरवर. त्याला हातोडीने हळूच ठोकायचं असतं. हळूच ठोकलं. मग जरा जोरात. बोटाला पट्टी.
लोपेती कुंपणावरून म्हणाला, मानासे, स्टार्टरला कबूल करायला लावतोयस का? त्याच्याशी बोलणं बंद.
तालमीला गेलो. माझ्या शेजारी नक्षीच्या कापडाने झाकलेला एक खोका ठेवलाय. बरोबर कमरेच्या उंचीला. वहीसाठी सोय केली असावी. माझ्या वयाचा विचार करणारी बहीण आहे, बरं वाटलं.

शनिवार, ७ जून
दिवसभर गाडीखाली. अर्थिंगची वायर घासली, डिझेलचा फिल्टर बदलला, उरलेला एक बोल्ट खिशात ठेवला. कुठला ते आठवेल. संध्याकाळी पोरांकडून धक्का मारून घेऊन बेटाला एक चक्कर मारली. आज तालीम नाही, ताईकडे उद्याच्या जेवणाची तयारी. बरंच झालं, पाठ धरलीय.

रविवार, ८ जून
पहिल्याच झटक्यात सुरू. सगळ्या गल्लीदेखत. म्हणजे काल घासलेली वायरच गुन्हेगार. चर्चपर्यंत हॉर्न वाजवत गेलो. लोपेतीला सगळं समजावून सांगितलं, बोल्टसुद्धा दाखवला. कावा पिताना इतरांनाही सांगितलं, की कुणाची गाडी अडली तर संकोच करू नका.

मंगळवार, १० जून
'टक्'.
ठीक आहे. बॅटरीच म्हातारी झाली. मालाच्या ट्रकला लागते तसली नवी, मोठी आणली. उचलताना कालोलाइन म्हणाली, ही पिकअपला जोडायची की पिकअप हिला? दुर्लक्ष केलं.
संध्याकाळी तालमीला स्पीकरचा आवाज काय विलक्षण. खिडक्या थरथरत होत्या. सेलाला म्हटलं, आज रंगत काही वेगळीच. ती म्हणाली, मामा, सगळी तुमचीच कृपा. मुलगी गुणी आहे. बेस कुणामुळे उठतो, हे तिला कळतं.

बुधवार, ११ जून
नवी बॅटरीही उतरली. म्हणजे करंट कुठेतरी गळतोय. रेडिओ काढला, हॉर्न काढला, आतला दिवा काढला. आता गळायला काही शिल्लकच नाही. कालोलाइनने लोपेतीला सांगून ठेवू का विचारलं. मी जेवलो नाही. थोडंच जेवलो.

गुरुवार, १२ जून
दुपारी गाडी धक्का मारून सुरू केली, बेटभर फिरवली, बॅटरी काठोकाठ भरली. संध्याकाळी शेवटची तालीम. ताई थांबवत होती, पण मीच म्हटलं, शेवटचं भजन पुन्हा घेऊ. आणि पुन्हा. सगळे मला दुवा देत होते. चष्मा हॉलमध्येच विसरलो बहुतेक. सकाळी आणतो.

शुक्रवार, १३ जून
नवा शर्ट, कमरेला मानाची विणलेली चटई, खिशात कंगवा. चावी फिरवली. आज 'टक्'सुद्धा नाही.
बोनेट उघडलं. बॅटरीच नाही.
चोर म्हणून ओरडणार, तेवढ्यात सेला हातगाडी ढकलत आली. वर नक्षीचं कापड, कापडावर माझी वही, वहीवर माझा चष्मा. म्हणाली, मामा, रोज उजाडायच्या आत जोडून जायचे, आज जरा उशीर झाला. आणि काल तुम्ही इतकी भजनं घ्यायला लावलीत, की आता हिच्यात काही उरलं नसेल.
इतके दिवस मी माझ्याच बॅटरीवर वही ठेवून गात होतो.
ताईने नेली, विषय संपला. बरं केलंस बाई, म्हटलं. मन मात्र फार खट्टू झालं. धक्का मारून गाडी सुरू करेपर्यंत बोट लागली, अध्यक्ष लोपेतीच्या गाडीतून आले. पुढच्या सीटवर. लोपेतीने हॉर्न वाजवला.
दुपारभर गाडी फिरवून बॅटरी भरून दिली, कॉयर मात्र सुंदर झाला. अध्यक्षांनी विचारलं, वीज नसताना एवढा आवाज कसा? ताई सगळ्यांसमोर म्हणाली, आमच्या मानासेची बॅटरी. टाळ्या पडल्या. ताईने जन्मात पहिल्यांदा चारचौघांत माझं नाव घेतलं. डोळे भरून आले, हे इथेच लिहितो.

शनिवार, १४ जून
सकाळी पिकअप पहिल्या झटक्यात सुरू झाली. इथवर ऐकू आली. कॉयरला पलीकडच्या गावांतून बोलावणी आलीत, म्हणून ताईने काल संध्याकाळीच गाडी नेली. आवाजावरून निदान: इंजिन उत्तम. दुरुस्ती माझीच.
आत्ता सेलाचा निरोप आला. ताई म्हणते, गाडी छान आहे, पण रेडिओ आणि हॉर्न कुठे गेले? पाठवून दे.
हातगाडी तिच्याकडेच आहे. खांद्यावरून नेतोय. खिशातला बोल्टही देऊन टाकतो.