रविवारी दिवा लागणारा मारुती

अप्पा,

परवा तुमच्या मुलाकडून साडी, किलोभर पेढे आणि वकिलाने टाइप केलेला कागद, असं तिन्ही एकदम आलं. साडीची किंमत दुकानात विचारून आले, अठराशे. पेढे शेजारी वाटून टाकले. तुम्ही मॅट्रिकपर्यंत शिकवलंत म्हणून कागद मला वाचता आला. तुम्ही वसवलेल्या कॉलनीतली मोकळी जागा पहिल्यापासून तुमच्या खासगी मालकीची, तिथे देऊळ कधी नव्हतंच, असं मी शपथेवर सांगायचं. तुमच्या मुलाला तिथे दुकानं बांधून वर तुमचं नाव लावायचंय, आणि तिथल्या लोकांनी महापालिकेत तक्रार केलीय. फोनवर म्हणाला, “आक्का, एवढं कर की. अप्पांसाठी.”

अप्पांसाठीच गेले मी.

तुम्ही गिरणीतले कारकून. बिल्डर झालात ते एका मारुतीच्या जोरावर, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? माळरान घ्यायचं, चुन्याने प्लॉट आखायचे, मधल्या मोकळ्या जागेत पत्र्याचं देऊळ उभारून मारुती बसवायचा. मारुतीचा वार शनिवार, पण नोकरदार माणसं जागा बघायला येतात रविवारी, म्हणून दिवा रविवारी. तो लावायला मी, बारा वर्षांची, परकर-पोलक्यात. “गिऱ्हाईक जमीन बघत नाही, शेजार बघतं,” असं तुम्ही मुनीमाला सांगायचात. “देव शेजारी असला की नळाचं कुणी विचारत नाही.” शेवटचा प्लॉट विकला की मारुती टेंपोत, त्या जागेला तारेचं कुंपण, आणि पुढच्या माळावर त्याच मारुतीला नवा शेंदूर. नोकरदारासारख्या त्याच्या चार बदल्या झाल्या. शेपटीचा टवका उडालेला होता, त्यावरून मी दर वेळी ओळखायची.

विड्या वळणारी एक बाई मला अजून दिसते. देवळापुढे उभी राहून ती विचारते, “पोरी, हितं रोज दिवा लागतोय व्हय?” मी तुमच्याकडे बघते. तुम्ही मान डोलावता. “रोज,” मी म्हणते. तिने त्याच दिवशी इसार दिला. तिच्या दारात नळ आला तेव्हा मी दोन मुलांची आई होते.

आज सुनावणीला ती म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. तिने मला ओळखलं नाही. मी वकिलाचा कागद बाजूला ठेवला आणि महापालिकेच्या साहेबांना सगळं सांगितलं: दिवा, टेंपो, कुंपण, आणि नकाशावर ‘बाग व देऊळ’ असं तुमच्याच हातचं लाल शाईतलं अक्षर. साहेबांनी काम थांबवलं. बाहेर तुमचा मुलगा म्हणाला, बापाचं नाव मातीत घातलंस. मी म्हटलं, मातीतूनच तर काढलं होतं त्यांनी.

मला फार बरं वाटलं, अप्पा. संध्याकाळी देवापुढे बसले तरी वाटतच राहिलं. फक्त एक राहिलं. तेव्हा खोटं का बोललात, असं साहेबांनी विचारलं, तर मी ‘वडिलांच्या धाकाने’ असं लिहून दिलं. तुम्ही मला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. रविवारी तुमच्या स्कूटरवर मागे बसायला मला एकटीलाच मिळायचं, भावाला नाही, म्हणून मी बोलले.

तुम्ही गेलात तिथे हे पाकीट पोचवणारी पेटी नाही, तरी विचारते. जबाबातले ते दोन शब्द खोडून येऊ की राहू देऊ, उलट टपाली कळवा. तुमचं उत्तर येईपर्यंत मी काही दुरुस्त करणार नाही.