तिखाडीचा चोथा

पांढरकवडा, कार्तिक वद्य पंचमी, संध्याकाळ

पेपरला धाडायची कापसाची बातमी लिहायची राहिली आहे, पण आधी हे. सुमनच्या गुडघ्यांसाठी तिखाडी गवताच्या तेलाची शिशी घ्यायला तिच्यासह जंगलातल्या भट्टीवर गेलो. तिचा भरवसा अख्खं गवत उकळून शेकण्यावर. गाडीभर गवताचं सार शिशीत येतं, बाकी असार, हे मी वाटभर ऐकवलं. माझ्यासारख्या पंडिताची बायको असणं हेच तिचं तप.

भट्टीतून तेल काढलेला चोथा नुकताच बाहेर ओढला होता. त्या वाफाळत्या ढिगात तीन कोलाम आदिवासी म्हाताऱ्या गुडघे पुरून बसलेल्या. एक म्हणाली, "पेपरवाले, शिशी मंग घ्या. बाईले पयले बसू द्या."

"यातलं सार तर गेलं," मी म्हणालो.

"ते तुम्ही घेऊन जा. आमच्या गुडघ्याले एवढं पुरते."

सुमन बसली. निघताना मी नेहमीसारखा हात पुढे केला. चार महिने ती त्या हाताशिवाय उठलेली नाही. आज उठली, साडीवरचं गवत झटकलं आणि चालू लागली. माझा हात तसाच!

असार म्हणालो होतो ना मी? शिशीचं बूचही अजून काढलेलं नाही. सुमन खाली बसून मेथी निवडते आहे. उठेल तेव्हा हात पुढे करू की नको?