हदासच्या लेखी मी कोण?

१८ ऑगस्ट, गुरुवार

लेकीची लेक हदास आली. जेरुसलेमला धर्माच्या शाळेत वर्ष काढलं, आता मला शिकवणार! आल्या आल्या कपाट उपसलं. मटणाची भांडी इकडे, दुधाची तिकडे — दोन्ही एकत्र आलं की धर्म बुडतो म्हणे. मोठं पातेलं उचलून म्हणाली, "आजी, हे कशाचं?" म्हटलं, "माझं." त्यातलं खाल्लं नाही. डब्यातली काकडी चावत बसली. इस्रायलला येऊन, या डिमोनात पन्नास वर्षं झाली, माझ्या घरी उपाशी राहिलेलं हे पहिलं माणूस.

१९, शुक्रवार

संध्याकाळी शब्बाथच्या, शनिवारच्या विसाव्याच्या, मेणबत्त्या लावल्या. "तीन मिनिटं उशीर, आजी!" म्हटलं, "देव काय बस आहे, चुकायला?"

२०, शनिवार

शब्बाथला कसलंही काम करू नये, लिहूही नये. म्हणून संडासात बसून लिहितेय.

आज मजा झाली! एसी आपोआप चालू-बंद व्हावा म्हणून हदासने काल टायमर लावला — उलटा! भर दुपारी एसी बंद. आज बटणाला हात लावणं तिला पाप. घामाघूम झाली. मग छताकडे बघत म्हणते, "किती उकडतंय ना, आजी..."

"हो ना गं."

"एसी चालू असता तर..."

"बरं झालं असतं!"

मग माझ्या डोक्यात शिरलं. असं आडून सांगतात ते परक्याला, जो यहुदी नाही त्याला! भायखळ्याला असताना आम्ही शेजारच्या रखमाला ऐकू जाईल असं म्हणायचो, "काय बाई अंधार!" की ती येऊन दिवा लावायची.

म्हटलं, "हदास, मी यहुदी की रखमा?"

पोरीचा चेहरा पडला. इथे आलो तेव्हा लोक विचारायचे, तुम्ही खरे यहुदी कशावरून? तेव्हा चिडले होते. आज चिडले नाही — मांडी घालून बसले. तीन तास! ना एसी, ना टीव्ही. हे लिहिणं सोडलं तर इथे आल्यापासून पहिल्यांदा शब्बाथ पाळला. निव्वळ खुन्नस म्हणून.

२१, रविवार

गेली. जाताना पाया पडली, पण जेवली नाही.

३ जानेवारी, मंगळवार

हदासचं लग्न ठरलंय. नोंदणीला पुरावा मागितला — मुलगी यहुदी कशावरून? तिलाही! लेकीचे कागद सापडेनात, म्हणून साक्षीला मला नेलं. कचेरीतल्या दाढीवाल्या धर्मगुरूने विचारलं, "आजीबाई, घरी शब्बाथ पाळता?" मी तोंड उघडणार तोच हदास म्हणाली, "मी हिच्याकडूनच शिकले."

धर्माच्या कचेरीत, धडधडीत खोटं! माझीच नात.