देवघरातला चहा

पार्सिपनी, मार्च २००६

प्रिय ऋता,

परवा रविवारी सकाळी पूजा आटोपली आणि देवघरातली ती चहाची चकती मी खाली घेतली. डॅनियलच्या वडिलांनी, चेनसाहेबांनी, तुला मागणी घालताना आणली होती ती. डॅनियल जन्मला त्या वर्षी विकत घेऊन मुरायला ठेवलेला, दाबून चकती केलेला चिनी चहा. त्यांनी दोन्ही हातांनी दिला, मी दोन्ही हातांनी घेतला आणि हो-नाही न सांगता देवापुढे ठेवला. ते गेल्यावर तुझी आई म्हणाली होती, "ही गोवरी चुलीत घालायची की कपात?" पुढे तू कॅलिफोर्नियाला गेलीस, आणि आपलं फोनवरचं बोलणं हवापाण्यापुरतंच उरलं.

हल्ली दमायला होतं गं. ऑफिसातली माणसं कमी केलीत, बर्फ उपसताना कंबर धरते. पण खरा शीण त्याचा नाही. होकारही द्यायचा नाही आणि नकारही नाही, असं मनात धरून बसलं की माणूस आतून थकतो. रोज हात जोडले की समोर ती चकती. आणि गावाकडे लहानपणापासून पक्कं शिकवलंय, देवापुढे ठेवलेलं टाकता येत नाही, प्रसाद म्हणून घ्यावंच लागतं.

म्हणून एक तुकडा मोडून आपल्या रीतीने आलं, दूध, साखर घालून उकळला. ओल्या गोणपाटासारखा लागला. तुझ्या आईने घोटभर घेऊन कप सिंकमध्ये रिकामा केला. शेवटी चेनसाहेबांना फोन केला. ते तासाभरात आले, पातेलं बघून पोट धरून हसले.

मग त्यांनी बोथट सुरी कडेने सरकवून पापुद्रे अलगद सोडवले. कढत पाणी ओतलं आणि लगेच फेकूनही दिलं. पहिलं पाणी प्यायचं नसतं म्हणे, इतकी वर्षं झोपलेलं पान त्याने जागं होतं. दुसऱ्या पाण्याला काकवीचा रंग आला. धान्याचं पेव उघडल्यावर येतो तसा वास. कडू नाही, तुरटही नाही, गिळल्यावर घशात सावकाश गोडी उतरते.

चेनसाहेबांनी कप बराच वेळ नाकाशी धरला. मी ओशाळलो, कारण देवघरातला सगळा कापूर त्या चहाने ओढून घेतला होता. पण ते म्हणाले, "जुन्या चहाला कापराचा वास आला की आमचे लोक खूश होतात. हा तर तुमच्या देवाच्या घरचा!" आईने कप पुढे केला, पुन्हा एकदा केला. नंतर उठली आणि साखरेचा डबा माझ्यासमोर आणून ठेवला.

मी चहाच्या वेष्टनाचा, लाल अक्षरांचा पातळ कागद अर्धा फाडला, त्यात साखर घालून पुडी बांधली आणि चेनसाहेबांच्या हातात दिली. ते घाईघाईने म्हणाले, "नो, नो, या चहात साखर नसते!" मग त्यांना समजावून सांगावं लागलं. खरं तर साखर मुलाकडून यायची, पण त्यांनी त्यांच्या बाजूचं कधीच दिलं होतं, थांबलो होतो आम्ही. त्यांनी पुडी कपाळाला लावली आणि आईने डोळ्यांना पदर.

तेव्हा ऋता, तुझा साखरपुडा झाला आहे. तुम्ही दोघं तेवढी नव्हतात. आता या. उरलेली चकती पुन्हा देवापुढे ठेवली आहे.

तुझाच,
बाबा