उंदरांना गुण आला म्हणे

३ मार्च
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी घाबरवलं. मधुमेहामुळे दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर रक्त झिरपतंय, आठवड्यात लेझर करून घ्या. कारखान्यात एका लेथचे सहा लेथ केले मी, ते असल्या धमक्यांना भिऊन नव्हे. पेपरात आलंय, कुठल्याशा पानांच्या अर्काने हाच आजार आटोक्यात आला. मुलगी म्हणाली, "बाबा, उंदरांचा. पुढची ओळ वाचा." पुढची ओळ बारीक टाइपात होती. उंदीर तर उंदीर. डोळे त्यालाही दोनच.

४ मार्च, सकाळी ६
संकल्प : अर्क रोज दोन कप, गोड बंद. कडूजहर. वर दोन चमचे मध घेतला. मध गोडात धरत नाहीत.

९ मार्च
फरक आहे. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायचे, आता जाळी दिसते. अर्क घाण बाहेर काढतोय.

१४ मार्च
तपासणी. बाहेर बाकावर तासभर. आत माझ्या आधीचे सात जण तोच तक्ता मोठ्याने वाचत होते. लेथच्या घरघरीतून सैल बोल्ट ओळखणारे कान माझे. अक्षरं पाठ झाली त्यात माझा काय दोष? पाळी आल्यावर शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड म्हटली. बाई चाट. तरी म्हणे थेंब घालून आत बघू. म्हटलं, थेंबांनी दिवसभर धूसर दिसतं, कारखाना कोण बघणार? निघालो. मानलं अर्काला.

१८ मार्च
मी तासलेले दहा शाफ्ट अर्धा मिलिमीटर बारीक निघाले. मायक्रोमीटर बिघडलाय, नवा मागवा म्हटलं. जुना टर्नर म्हणाला, "मालक, नवाही तेवढंच दाखवेल. वाचणार तुम्हीच ना?" म्हाताऱ्याची जीभ हल्ली फार चालते.

२१ मार्च
उजवा खांदा चौकटीवर आपटला. ही म्हणते, आठवड्यात तिसऱ्यांदा. गवंड्याने दारं अरुंद केलीत. अर्क तीन कप.

२४ मार्च
मुलीने हाताला धरून दवाखान्यात नेलं. आज तक्ता नाही. बाईंनी डावा डोळा झाकला, खोलीतले दिवे घालवले, म्हणाल्या, उजेड दिसला की सांगा. बसलो वाट बघत. बटण वाजलं. खुर्ची कुरकुरली. शेवटी मीच म्हटलं, "बाई, लावा की आता."
"काका, कधीचाच लावलाय."
डाव्या डोळ्याचं लेझर उद्या सकाळी आठला. सही कुठे करायची ते विचारून केली.